शिवराईपासून भोकाच्या पैशापर्यंत: नाण्यांवरचा कळंक कसा थांबवायचा

आजोबांच्या ट्रंकेतून नाण्यांची थैली निघाली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "चिंच लावून घासा, लखलखीत होतील." नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केली असेल तर पहिलं काम एवढंच: चिंच, लिंबू-मीठ, आमसूल, राख, टूथपेस्ट आणि पितळेची भांडी घासायची पावडर नाण्यांपासून लांब ठेवा. दिवाळीत घासलेला तांब्या पुढच्या दिवाळीत पुन्हा घासता येतो. नाण्यावरची अक्षरं एकदा झिजली की गेली. शिवाय मिठाचं काय होतं ते पुढे येईलच, पण तांब्याच्या नाण्यावर मीठ चोळणं म्हणजे त्याला रोग लावून देणं आहे.

जुनं नाणं चमकवणं आणि त्याचा ऱ्हास थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध जातात. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे. चमकवलेलं नाणं जाणकार ग्राहक पहिल्या नजरेत ओळखतो आणि भाव निम्म्यावर आणतो. ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्याही अशा नाण्याला साधी श्रेणी न देता 'साफ केलेलं' असा शेरा मारतात.

आधी धातू ओळखा

एका धातूचा उपचार दुसऱ्याला मारक ठरतो, म्हणून ही पायरी टाळू नका. साध्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करा, लोहचुंबक लावून बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंगही लागेल.

आपल्याकडच्या संग्रहात साधारण हे धातू येतात. शिवराई तांब्याची: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ती पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली गेली, त्यामुळे तिच्या अक्षरांत आणि वजनांत भरपूर फरक दिसतो. ब्रिटिशांचा पाव आणा १९०६ पर्यंत तांब्याचा होता, नंतर ब्राँझचा झाला. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसाही ब्राँझचाच. राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली आणि उरलेल्यात ४० टक्के तांबं, थोडं निकेल आणि जस्त आलं. म्हणूनच हे युद्धकाळातले रुपये जास्त काळवंडतात, कडेला हिरवटही होतात. १९४७ चा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटतो. स्वातंत्र्यानंतरचे हलके एक, दोन, तीन पैसे ॲल्युमिनियमचे. आणि ज्यांच्याकडे सातवाहन नाणी येतात त्यांच्यासाठी शिसं. ते सगळ्यांत नाजूक, त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

थर झोपलेला आहे की जागा?

नाण्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे रोग नव्हे. तांब्यावर तपकिरी, काळपट, विटकरी किंवा गर्द हिरवा, घट्ट आणि गुळगुळीत थर असेल तर तो नाण्याचं रक्षण करतोय. संग्राहक त्याला पटिना म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात. चांदीवरचा काळा, जांभळट, निळसर थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीची झालेली प्रक्रिया. तो सारखा पसरलेला असेल तर टोनिंग म्हणून आवडीने घेतला जातो.

घाबरायचं ते फिकट हिरव्या, पोपटी, पिठासारख्या ठिपक्यांना. हे ठिपके बहुधा खड्ड्यांत किंवा अक्षरांच्या कोपऱ्यांत असतात. लाकडी टूथपिकने हलकेच टोकरलं तर भुकटी सुटते आणि खाली खळगा दिसतो. याला ब्राँझ डिसीज म्हणतात, नाव ब्राँझचं असलं तरी शुद्ध तांब्यालाही तो होतो.

तो होतो कसा, हे कळलं की उपचार पाठ करावे लागत नाहीत. जमिनीतलं, घामातलं किंवा चिंच-मिठातलं क्लोराइड तांब्याशी जुळून पटिनाच्या खाली क्युप्रस क्लोराइड होऊन बसतं. कोरडं असेपर्यंत ते गप्प असतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू पोचला की त्याची हिरवी भुकटी होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं, आणि चक्र सुरू राहतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की हे चक्र फिरू लागतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. म्हणजे मे महिन्यात ठणठणीत दिसलेली शिवराई गणपतीपर्यंत ठिपक्यांनी भरलेली सापडली तर नवल नाही.

खात्री नसेल तर नाणं स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवून वर काचेचा पेला उपडा घाला आणि दोन आठवडे हात लावू नका. कागदावर हिरवी भुकटी पडली असेल तर थर जागा आहे. पडली नसेल आणि फोटोशी ताडून पाहिल्यावर ठिपका तेवढाच असेल, तर नाण्याला काहीही करू नका. फक्त साठवण सुधारा. नवख्या माणसाला हे 'काही न करणं' सगळ्यांत जड जातं, पण थैलीतल्या बहुतेक नाण्यांना तेवढंच हवं असतं.

संशयित नाणी लगेच वेगळ्या डबीत काढा. रोग जंतूंसारखा उडत नाही, पण क्लोराइडवाली भुकटी शेजारच्या नाण्यावर सांडली तर त्यालाही लागू शकते.

पहिली आंघोळ: ॲसिटोन

हिरवं सगळं ब्राँझ डिसीज नसतं. चिकट, बुळबुळीत, हिरवट थर असेल तर तो बहुधा अल्बमच्या पानांचा प्रताप. स्वस्त अल्बमची मऊ पाकिटं पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून घातलेली तेलकट द्रव्यं काही वर्षांनी पाझरतात, प्लास्टिक कुजताना आम्लही सुटतं, आणि नाणं ओशट होऊन खाल्लं जातं.

यावर शुद्ध ॲसिटोन चांगलं काम करतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, रंग, सुगंध असतात. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात शुद्ध ॲसिटोन मिळतं. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं घ्या, वर काचेचं झाकण ठेवा. प्लास्टिकची वाटी विरघळू शकते. १५-२० मिनिटांनी नाणं कडेने उचलून ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवा आणि बाहेर काढून तसंच सुकू द्या, पुसू नका. ॲसिटोन धातूला काही करत नाही, पटिनालाही नाही. ते फक्त तेल, चिकटपट्टीचा गोंद, लाख, प्लास्टिकचा ओशटपणा काढतं. मात्र ते भयंकर ज्वालाग्राही आहे. गच्चीत किंवा खिडकीजवळ काम करा. स्वयंपाकघरात, देवघरातल्या समईजवळ अजिबात नको.

या आंघोळीचा एक जादा फायदा आहे. बाजारात नकली शिवराई नाण्यांवर हिरवा रंग चढवून ती जुनी भासवतात. ॲसिटोनमध्ये 'पटिना'च उतरून वाटीत आली, तर तुम्हाला उपचाराची नाही, विक्रेत्याशी बोलण्याची गरज आहे.

दुसरी आंघोळ: डिस्टिल्ड वॉटर

माती, धूळ, हळद-कुंकू आणि वर बसलेले क्षार यांच्यासाठी पाणीच लागतं, पण नळाचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, बोअरच्या पाण्याचं तर विचारूच नका. गाडीच्या बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. फक्त बाटलीवर नीट वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

काचेच्या बरणीत तांब्याचं किंवा चांदीचं नाणं बुडवून ठेवा. पहिले काही दिवस रोज, मग आठवड्याला पाणी बदला. मातीने लिंपलेल्या शिवराईला महिना-दोन महिने लागले तरी घाई करू नका. मऊ झालेली माती ओल्या बांबूच्या काडीने किंवा भिजवून मऊ केलेल्या बाभळीच्या काट्याने भिंगाखाली हळूहळू सोडवा. सुई, पिन, ब्लेड, तारेचा ब्रश, दातांचा ब्रश यातलं काहीही नको. ओरखडा तुम्हाला आज दिसला नाही तरी तिरप्या उजेडात गिऱ्हाइकाला दिसतो.

ऑलिव्ह तेलात नाणी महिनोन्महिने बुडवून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत विरुद्ध आहे. खाद्यतेलात मुक्त मेदाम्लं असतात, ती तांब्याला हळूहळू खातात, आणि तेल खवट झालं की जास्तच. घट्ट माती सैल करायला तेलच हवं असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. ते खनिज तेल आहे, आम्लरहित असतं आणि नंतर ॲसिटोनने निघून जातं.

ब्राँझ डिसीजचा उपचार

इथे जरा थांबून वाचा, कारण हा एकच उपचार असा आहे की जो न केल्यास नाणं जातं आणि चुकीचा केल्यासही जातं.

पहिल्यांदा भिंगाखाली ठिपक्यांतली सैल भुकटी लाकडी टोकाने काढून टाका. तोंडाला मास्क बांधा आणि भुकटी ओल्या कापसावर टिपून फेका. ती फुंकर मारून उडवायची नाही.

मग सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण करा. नाव मोठं असलं तरी घटक घरगुती आहेत: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण २५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २५ ग्रॅम खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. कॉस्टिक सोडा हा वेगळा पदार्थ आहे, तो हातही भाजतो आणि नाणंही. सुगंधी पावडर, निळीचे कण असलेला साबण असलं काही घेऊ नका.

काचेच्या बरणीत एका वेळी एकसारख्या धातूची नाणी ठेवा आणि झाकण लावा. आठवड्याला द्रावण बदला. ते क्लोराइडला बाहेर ओढतं आणि आम्ल मारतं. द्रावण निळसर होईल. याचा अर्थ थोडं तांबंही विरघळतंय, म्हणजे पटिनाचा रंग बदलू शकतो. दुर्मीळ नाणं असेल तर हा धोका आधी तोलून बघा. साध्या दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या, शिवराईपासून सुरुवात केलेली बरी. अनेक आठवडे लागतात, खोल रोग असेल तर काही महिने. पंधरा दिवसांत ठिपके दिसेनासे झाले म्हणून नाणं बाहेर काढलं, की खाली उरलेलं क्लोराइड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढतं.

ठिपके संपले असं वाटल्यावर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये घाला आणि पाणी वारंवार बदलत राहा, म्हणजे सोडा आतून निघेल. मग ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, ते पाणी ओढून घेतं. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच टेबललॅम्पच्या उबेला ठेवा. ओल्या ॲसिटोनजवळ बल्ब किंवा ड्रायर नको. यानंतर पुन्हा कागद आणि पेला. दोन-तीन आठवडे कागद स्वच्छ राहिला तरच पुढे जा.

पुढे म्हणजे मेण. संग्रहालयांत मायक्रोक्रिस्टलाइन मेण वापरतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं रेनेसाँ वॅक्स त्यातलं सर्वांत परिचित. तांदळाच्या दाण्याएवढं मेण मऊ सुती कापडावर घेऊन अगदी पातळ हात फिरवायचा. रोग जिवंत असताना वर मेण लावलं तर आतला ओलावा आणि क्लोराइड तिथेच कोंडतात, म्हणून हा क्रम उलटा करू नका. आणि मेण फक्त तांबं-ब्राँझला. चांदीच्या चांगल्या नाण्याला त्याची गरज नाही.

बेन्झोट्रायझोल नावाचं रसायनही याच कामासाठी वापरलं जातं. ते विषारी आहे. घरी नकोच.

चांदी, शिसं, ॲल्युमिनियम

चांदीच्या रुपयाला ॲसिटोन आणि डिस्टिल्ड वॉटर पुरतं. काळेपणा ठेवा. सोनाराकडची डिपिंगची, म्हणजे बुडवून चमकवायच्या द्रावणाची, बाटली काळा थर काढते, पण सोबत चांदीचा पृष्ठभागही नेते. टाकसाळीतून आलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे फिरतात ना, ते यात कायमचे मरतात. ॲल्युमिनियम फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा प्रयोग कमी आक्रमक वाटतो, पण त्यातूनही नाणं निस्तेज, पांढुरकं निघतं आणि लवकरच डागाळतं. हारात ओवलेल्या रुपयांना टाका मारलेला असतो, तो काढायचा प्रयत्न करू नका. नाणं दागिना म्हणूनच सांभाळा.

सातवाहनांची शिशाची नाणी पांढऱ्या भुकटीने झाकलेली दिसली तर दोषी बहुतेक वेळा लाकडी कपाट असतं. लाकूड, प्लायवूड आणि काही पुठ्ठे ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतात, तिने शिसं झपाट्याने कुजतं. शिशाचं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवायचं नाही, शुद्ध पाणी शिशाला खातं. ॲसिटोन, मऊ ब्रश आणि प्लास्टिकची हवाबंद डबी, एवढंच करा. भुकटी विषारी आहे, हात साबणाने धुवा आणि मुलांना लांब ठेवा.

ॲल्युमिनियमच्या पैशांना सोड्याचं द्रावण दाखवूही नका. अल्कलीत ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं. १९८८ पासूनच्या स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांना समुद्राकाठी तांबूस डाग पडतात. ती नाणी अजून सहज मिळतात, स्वच्छ नमुना शोधून बदला आणि पुढे जा.

साठवण

इथेच निम्मी लढाई आहे, आणि खर्चही फार नाही.

अल्बम पीव्हीसीचा आहे का ते आधी वासावरून बघा. नव्या रेनकोटसारखा वास आला की संशय घ्या. खात्री करायची तर मोकळ्या हवेत तांब्याची तार लायटरवर तापवा, प्लास्टिकला टेकवा, आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. घ्यायचं ते पॉलिएस्टर (यालाच मायलार म्हणतात), पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. दोन इंची पुठ्ठ्याचे मायलारवाले होल्डर स्वस्त आणि चांगले, पण त्यांच्या स्टेपलर पिना पावसाळ्यात गंजतात, म्हणून चिकटणारे घ्या.

होल्डर एका घट्ट झाकणाच्या, रबरी कड्याऐवजी सिलिकॉनचं कडं असलेल्या डब्यात ठेवा. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि रबरबँडने बांधलेल्या रुपयांवर तर काळी रेघच उमटते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, मध्यम डब्याला ५० ते १०० ग्रॅम. रंग बदलणारी नारिंगी घ्या. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तो अपायकारक आहे. नारिंगी दाणे हिरवट झाले की ते ओटीजीमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, ते पुन्हा वापरता येतात. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० च्या खाली राहायला हवा. तांब्याच्या नाण्यांसाठी ३५ च्या आसपास राहिला तर उत्तम.

डबा लोखंडी कपाटात ठेवा, लाकडी कपाटात नको. मखमली पाकीट, वर्तमानपत्र, लोकर, डांबरगोळी, कापूर यांपैकी काहीही नाण्यांसोबत नको. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत असाल तर तिथेही सिलिका जेल हवंच, कित्येक लॉकर तळघरात असतात आणि आपण वर्षानुवर्षं फिरकत नाही.

हाताळताना नाणं फक्त कडेने धरा, खाली टॉवेल पसरा. घामात मीठ असतं. लहान मुलाच्या करदोट्यात वर्षानुवर्षं राहिलेला भोकाचा पैसा बघितला, तर घाम काय करतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

लक्ष्मीपूजनाचा प्रश्न बऱ्याच घरांत येतो. दूध, पंचामृत, हळद-कुंकू, अक्षता, सगळं त्याच नाण्यांवर. घरच्यांशी वाद घालू नका. पूजेचे चार-पाच झिजलेले रुपये वेगळे काढून द्या, बाकीचे डब्यातच राहू द्या. पूजेनंतर लगेच तेही डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सुकवा.

वर्षातून दोनदा सगळा संग्रह भिंगाखाली जायला हवा. पावसाळ्याआधी मे महिन्यात सिलिका जेल तापवण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत नवे ठिपके शोधण्यासाठी. जुने फोटो शेजारी ठेवून बघा, स्मरणावर विसंबू नका. एखाद्या नाण्यावर नवा पोपटी ठिपका दिसला तर ते वेगळ्या डबीत जातं आणि सोड्याच्या बरणीपासून पुन्हा सुरुवात.

कुठे थांबायचं

नाणं दुर्मीळ असेल, त्यावरचा लेख वाचता येत नसेल, किंवा दोन नाणी गंजून एकमेकांना चिकटली असतील, तर घरी काही करू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाणी ओळखून घेता येतील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे. आधी फोन करून विचारा, आणि उपचार न केलेलं नाणंच घेऊन जा.

नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली असतील तर धुण्यापूर्वी कायदा बघा. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माती चिकटलेली नाणी तशीच, ज्या भांड्यात सापडली त्या भांड्यासकट ठेवा. संशोधकांना त्या मातीतून आणि भांड्यातूनही माहिती मिळते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नातेवाइकांना भेट म्हणून पाठवणंही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला शिवराई हवीच असेल, तर तिचा चांगला फोटो पाठवा.